प्रमिलाताईंची संगमरवरी बाई

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी प्रमिलाताईंवर चार चांगल्या ओळी लिहून द्या, असा निरोप माझ्या मुलाच्या फोनवर आला. मी म्हटलं, ओळी देते, चांगल्या असतील असं सांगता येत नाही. प्रमिलाताई गेल्या हिवाळ्यात ऑकलंडजवळ अल्बनीला त्यांच्या मुलाच्या घरी वारल्या. त्या प्रेमळ होत्या, हुशार होत्या, म्हातारपणी दगड कोरायला शिकल्या, हे बाकीच्यांनी लिहिलं असेलच आणि ते खरं आहे. मला त्यांचा हेवा वाटायचा. इथं न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये आम्ही तीन वर्षं एका गल्लीत राहिलो आणि त्या तीन वर्षांत हेवा न वाटता गेलेला दिवस मला आठवत नाही. त्यापायी मी एक वाईट काम केलं. तेही यात लिहिते. छापायचं की नाही ते मंडळानं बघावं.

प्रमिलाताई डोंबिवलीच्या. जन्मभर त्यांनी कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे आणि या एका मागच्या खोलीत बसून मेणात हिरडी घडवायच्या, एकेक दात बसवायच्या. ज्यांच्यासाठी कवळ्या केल्या त्यांतला एकही माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "नुसती तोंडं ओळखीची," म्हणायच्या. नवरा लवकर गेला. मुलाला त्याच कामावर इंजिनिअर केलं, तो इकडे आला, मग त्या आल्या.

केस मानेवर कापलेले. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, थंडीत आत मोजे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायच्या, त्यामुळे नवीन माणसाला वाटायचं आपल्या ओठाला काही लागलंय, आणि तो तोंड पुसायचा. खिशात मेण कोरायची बारीक सुरी असायची. बसायला जागा आणि कोरायला काही मिळालं की झालं, मग ते सफरचंद असो की साबण. एकदा वेलिंग्टनला जाताना ट्रेनमध्ये त्यांनी गाजराची दाढ केली, मुळांसकट, आणि समोरच्या गोऱ्या पोरीला दिली. पोर उतरेपर्यंत ती दाढ तळहातावर घेऊन बसली होती. तिच्या आईनं प्रमिलाताईंना दोनदा थँक यू म्हटलं. मी शेजारीच होते, डबा माझा होता, गाजरही माझं.

आणि त्यांचे स्वतःचे दात सत्तराव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस जागेवर. हसल्या की सगळे दिसायचे. माझे पन्नाशीतच गेले.

आमची ओळख दातांवरूनच झाली. इथं संक्रांतीचं हळदीकुंकू भर उन्हाळ्यात येतं. हॉलमध्ये बायका साड्यांत घामाघूम झालेल्या. प्रमिलाताईंनी मला तिळगूळ दिला, मी तो रुमालात बांधला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "खालची कवळी डावीकडे टोचते ना?" नाव नाही, गाव नाही, एकदम कवळी. मी म्हटलं, टोचते तर टोचू दे, सहा वर्षं टोचतेय. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी घरी या.

मी गेले. सूनबाई रुग्णालयात नर्स आहे, तिच्या लक्षात जे सहा वर्षांत आलं नाही ते या बाईच्या कसं आलं, एवढंच बघायला गेले. त्यांनी मला सिंकपाशी उभं केलं, कवळी काढायला लावली, आणि हिरडीवर दुखत होतं तिथं बोटानं ओल्या हळदीचा ठिपका लावला. मग कवळी पुन्हा घालायला लावली. काढली तर कवळीच्या आतल्या बाजूला पिवळी खूण उमटलेली. तेवढीच जागा त्यांनी सुरीनं खरवडली आणि बारीक कानशीनं घासली. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी मी भाकरीचा पापुद्राच काय, कडासुद्धा खाल्ल्या.

कोणी आपलं दुखणं असं सहज काढून टाकलं की त्याच्याबद्दल चांगलं वाटायला हवं. मला वाटलं, हिला जमतं तर सगळंच जमतं की काय. तेव्हापासून त्या मला "अगं हौसा" म्हणायला लागल्या. मी शेवटपर्यंत "तुम्ही"च म्हणत राहिले. वयानं मी दोन वर्षांनी मोठी होते, पण त्या मॅट्रिक आणि मी चौथी.

आमच्या बसच्या वाटेवर एक जुनं मोठं घर आहे. कुणा श्रीमंतानं बांधलेलं, आता सगळ्यांना उघडं असतं. पुढच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचे वर्ग चालतात. मागे काचघर आहे, त्यात फर्नच्या कुंड्या आणि मधोमध एक संगमरवरी बाई, इटलीहून बोटीनं आणलेली. प्रमिलाताई मला तिच्यापुढे घेऊन गेल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या तिथून हलेनात म्हणून मीही नीट पाहिलं.

बाई एका पायावर. दुसऱ्या पायाची टाच उचललेली. अंगावर कसल्याशा जनावराचं कातडं, तेही खांद्यावरून घसरलेलं. हातात डफ. केस सुटलेले, मान पार मागे गेलेली, तोंड उघडं. बाकी इतकं गुळगुळीत की हात लावावासा वाटावा.

प्रमिलाताईंनी सगळं वाचून ठेवलं होतं. रोमन लोकांचा एक दारूचा देव होता, बॅकस. त्याच्या मागे जाणाऱ्या बायकांना बॅकांटी म्हणायचे. या बायका चालू माग तसाच टाकून, पोरं टाकून, नवऱ्याला न विचारता डोंगरात जायच्या आणि भान सुटेपर्यंत नाचायच्या. हातात वेल गुंडाळलेली काठी, काठीच्या टोकाला पाइनचं बोंड. इथल्या टेकड्यांवर ती बोंडं पायाखाली येतात, लोक शेकोटीला वापरतात, पण प्रमिलाताई दिसेल ते उचलून घरी आणायच्या. त्यांच्याकडे चित्रांची वही होती. त्यात असल्या पंधरा-वीस बाया, सगळ्या संगमरवरी, कुठकुठल्या देशांत ठेवलेल्या. एक द्राक्षं खाणारी, एक सुरी घेऊन नाचणारी, एक कातड्यावर पालथी झोपलेली.

"एवढं वाचलं," त्या म्हणाल्या, "पण हिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळत नाही. ही हसत नाही, रडत नाही, हिला दुखत नाही. तोंड उघडं आहे आणि त्या तोंडाला काय झालंय ते मला सांगता येत नाही. मला, हौसा."

मी म्हटलं, "त्यात काय कळायचंय. बाईच्या अंगात आलंय."

त्या माझ्याकडे वळल्या आणि कुंडीच्या कठड्यावर बसल्या. मग मी आणखी एक सांगितलं. बाईच्या पायामागं झाडाचं खोड होतं, पोटरीला चिकटलेलं. प्रमिलाताईंना वाटत होतं, डोंगर दाखवायला कोरलंय. माझा बाप पाथरवट होता. कोरेगावच्या बाजूला गावोगाव जाऊन जात्यांना टाकी लावायचा, पाटे-वरवंटे घडवायचा, देवळाचं काम मिळालं तर तेही. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर हिंडले. मी म्हटलं, खोड नसतं तर सगळा भार त्या एका घोट्यावर आला असता आणि बाई बोटीतच मोडली असती. नाचते ती बाई. दगडाला नाचून चालत नाही.

त्या दिवशी त्यांनी दगडकामाच्या वर्गात नाव घातलं. माझंही घातलं, मला न विचारता.

अंगात येणं मला कसं माहीत, तेही सांगते. माझी थोरली जाऊ, पारू. मंगळवारी तिच्या अंगात यायचं. दिवसभर माझ्यासारखीच भांडी घासणारी बाई, पण आरतीला उभी राहिली की केस सुटायचे, मान गरागरा फिरायची, आणि ज्या सासूसमोर आम्ही बोट उचलत नव्हतो ती सासू तिच्या पायावर डोकं ठेवायची. पारू मागेल ते मिळायचं. धाकट्या दिराची दारू तिनं अशीच सोडवली. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत झोपायची आणि तिला कोणी उठवत नसे. तिची भांडी मी घासायची.

माझ्या अंगात कधी आलं नाही. एका नवरात्रात मी ठरवून केस सोडले, डोळे मिटले आणि मान फिरवायला लागले. सासू म्हणाली, "चक्कर आली काय गं? बस खाली." मी बसले. पारू खरी होती की सोंग करत होती, हे मला आजही सांगता येत नाही. खरी असो की खोटी, तिला ते मिळालं होतं आणि मला नव्हतं.

हे मी प्रमिलाताईंना सांगितलं, दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं. वर्गात त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. शिकवणारा डेव्ह शाळेतला चित्रकलेचा मास्तर होता, आता निवृत्त. मऊ पांढऱ्या चुनखडीचे तुकडे आणायचा, साबणासारखे कापले जायचे. काहीही केलं की "स्वीट ॲज" म्हणायचा, म्हणजे झकास. त्याच्यापुढे आणि आणखी सात-आठ म्हाताऱ्यांपुढे प्रमिलाताईंनी इंग्रजीत पारूची सगळी गोष्ट सांगितली, मान कशी फिरते ते हातानं दाखवलं. सगळे थक्क. त्यांनी माझं नाव घेतलं, दोनदा घेतलं, माझ्याकडे बोट करून माय फ्रेंड म्हणाल्या. लोकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा त्यांच्याकडे वळले. नाव घेतलं नसतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मला स्वतःला कोरण्यात गोडी नव्हती. बापाघरी पुरेसे दगड पाहिले होते. मी दर बुधवारी जायचे, सगळ्यांच्या छिन्न्यांना धार लावायचे. डेव्हला धार लावता येत नव्हती, त्यानं आनंदानं ते काम माझ्यावर टाकलं. प्रमिलाताई मात्र चुनखडीत कान, हात, टाचा कोरत सुटल्या. हात चांगला होता, ते कबूल करायला हवं. मेणात चाललेला हात दगडात सहसा चालत नाही, जोर तरी जास्त होतो नाहीतर कमी. त्यांचा चालला. अडलं ते मानेपाशी. मान मागे गेली की खालचा जबडा कसा दिसतो, गळ्याच्या शिरा कुठं ताणतात, ते त्यांना जमेना.

एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनी मला सांगितलं, पारूची मान करून दाखव. मी म्हटलं, मी काय पारू आहे? त्या म्हणाल्या, "तू पाहिलंयस ना. मी पाहिलेलंही नाही." मी अंबाडा सोडला. ओट्याला हात टेकून मान मागे टाकली, एकदा फिरवली, दोनदा फिरवली. माझ्याच बांगड्या मला लांबून ऐकू आल्या. गुडघे दुखायचे थांबले. तिसऱ्यांदा मान मागे गेली तेव्हा फोनचा आवाज झाला. त्यांनी फोटो काढला होता. मी केस बांधले आणि चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर आठवडाभरात त्यांना खरा संगमरवर मिळाला. तो दिवस मला नीट आठवतो, कारण सकाळीच एक गोष्ट घडली होती. माझी नात अन्वी तेव्हा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. जन्मापासून मी सांभाळलं, पण माझ्याशी मराठीचा एक शब्द नाही. त्या सकाळी मी प्रमिलाताईंकडे गेले तर ही तिथं बसलेली, एका साच्यात मेण दाबत होती आणि म्हणत होती, "प्रमिलाआजी, ही दाढ वाकडी झाली, परत करू?" अख्खं वाक्य. उच्चारसुद्धा सरळ. प्रमिलाताईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. "कर की," म्हणाल्या. आणि मग मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या, दगड दाखवायला.

पाडलेल्या घराच्या सामानातून त्यांच्या मुलानं आणलेली लादी होती. फायरप्लेसचा उभा खांब असतो ना, त्यातली. चार बोटं जाड, दीड हात लांब. एक टोक शुभ्र, दुसऱ्या टोकाला पिवळसर झाक.

"या बाजूला चेहरा करायचा," प्रमिलाताई म्हणाल्या. "रंग बघ, हळद लावल्यासारखा. पूर्ण बाई या दगडात नाही बसणार, उठावाची करते. डोकं इथं, पाय तिकडे."

मी वाकून बोटाच्या पेरानं लादीवर टिचकी मारली. ही बापाची सवय. दगड आधी ऐकायचा, मग बघायचा, असं तो म्हणायचा. पांढऱ्या टोकाला आवाज खणखणीत आला. पिवळ्या टोकाला बद्द. पुन्हा मारली, पुन्हा बद्द. जुना पाटा चुलीला लावून ठेवलेला असेल तर बाप त्याला टाकी लावायचाच नाही. म्हणायचा, भाजलाय, वरून दिसतो दगड, आत पीठ झालंय. ही लादी कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं जाळाशेजारी उभी होती. तो पिवळा रंग हळदीचा नव्हता.

दोन शब्द बोलायचे होते. उलटी धरा. बाईचं डोकं पांढऱ्या बाजूला गेलं असतं, पाय पिवळ्याकडे, तिथं फारसं कोरायचं नव्हतंच. डेव्हला हे कळण्यासारखं नव्हतं, त्यानं आयुष्यात मऊ दगडच पाहिला. तिथं ते कळणारं माणूस एकच होतं.

प्रमिलाताईंनी विचारलं, "कसा आहे?"

मी म्हटलं, "छान आहे."

सात महिने त्या लादीवर काम चाललं. दर बुधवारी मी शेजारी बसून छिन्न्यांना धार लावत होते. आधी पाय आले, मग उचललेली टाच, मग वाऱ्यानं फुगलेलं वस्त्र. इथला वारा अंगावर घेतलेल्या बाईलाच तसं कोरता येईल. मग काठी आणि तिच्या टोकाला बोंड, खवल्याखवल्यांचं. प्रत्येक बुधवारी ते दोन शब्द माझ्या तोंडात असायचे. सुरुवातीच्या महिन्यात म्हटलं असतं तर थोडंच वाया गेलं असतं. नंतर म्हटलं असतं तर पहिल्यांदा का नाही सांगितलं, हे सांगावं लागलं असतं. मी माझ्या मनाला असंही समजावलं की बापाचं चुकतही असेल, संगमरवराचं वेगळं असेल. ते खोटं होतं. बापाचं दगडाच्या बाबतीत कधी चुकलं नाही.

एक कबूल करते. चेहरा उमटायला लागला तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. धार लावताना मान खाली घालता येते.

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले होते. त्याच काचघरात वर्गाची कामं मांडणार होते. प्रमिलाताई गळ्याखालचा दगड पोखरत होत्या, म्हणजे मान लादीपासून सुटी दिसेल. बारीक छिन्नी, हलका हात. आवाजसुद्धा झाला नाही. कपाळ आणि केस जागच्या जागी भुगा होऊन खाली आले, आणि मागोमाग उरलेला चेहरा नाकापासून हनुवटीपर्यंत अख्खा सुटून त्यांच्या मांडीत पडला.

डेव्ह धावत आला. ओ नो, ओ नो, एवढंच म्हणत राहिला. बाकीच्या म्हाताऱ्या जमल्या. प्रमिलाताईंनी सगळ्यांना हातानं लांब केलं. खाली पडलेला भुगा चिमटीत घेतला आणि चोळला. बारीक खडीसाखरेसारखा सुटत होता. मेण, प्लास्टर, चिनीमाती सगळं भट्टीत घालून काढलेली बाई ती. तिला कळायला किती वेळ लागणार?

"भाजलेला होता," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"आणलात त्या दिवसापासून. टिचकी मारली तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

आम्ही मराठीत बोलत होतो, आजूबाजूला कोणाला कळत नव्हतं, म्हणून असेल, मी खरं सांगून टाकलं. "तुम्हाला सगळंच मिळतं. म्हटलं, एक नको मिळू दे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. छिन्न्या गोळा केल्या, मी जशा कापडात गुंडाळते तशाच गुंडाळल्या. मग आम्ही नेहमीच्या बसनं घरी आलो. नेहमीच्या बाकावर बसलो, त्या खिडकीपाशी. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, "कवळी टोचत नाही ना आता?" मी नाही म्हटलं. त्या बरं म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या शिव्या देतील या तयारीनं मी बसले होते. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना चार सुनावल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं सुरू झालं असतं. पण पुढच्या बुधवारी त्या मला हाक मारायला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

प्रदर्शनाला मी गेले. प्रमिलाताईंनी ती लादी तशीच मांडली होती, बिनडोक्याची. मानेच्या जागी फुटका खडबडीत दगड, त्याखाली ती नाचणारी बाई. मागे इटलीची बाई उभी होतीच. लोक या लादीपुढे जास्त वेळ थांबत होते. एक गोरा माणूस दुसऱ्याला सांगत होता, जुन्या रोमन मूर्ती जमिनीतून अशाच निघतात, डोकं गेलेल्या, या बाईनं मुद्दाम तसं केलंय, किती विचार केलाय बघ. डेव्हनं काही सांगितलं नाही. प्रमिलाताई हसत उभ्या होत्या, हातात रेड वाइनचा ग्लास. दारूच्या देवाचा मान म्हणून एक घोट घेतला होता आणि ठसका लागून तो तसाच धरून ठेवला होता. मोडलेल्या दगडाचंसुद्धा कौतुक त्यांच्याच पदरात. मी मोडला, हे कुणाला सांगू? मी घरी आले.

महिन्याभरात कळलं, त्यांच्या मुलाला ऑकलंडला नोकरी लागली, अल्बनीत घर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी अन्वी माझ्या हातात एक पुडकं देऊन गेली. प्रमिलाआजीनं दिलंय, म्हणाली. मराठीत.

आत तो चेहऱ्याचा तुकडा होता, नाकापासून हनुवटीपर्यंत. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला, खिडकीत उजेडाला धरून. उघडं तोंड. वरचा ओठ ताणलेला. खालचा ओठ डाव्या बाजूला थोडा आत गेलेला, सहा वर्षं कवळी एका बाजूला सावरून धरली की जातो तसा. हनुवटीवर तीळ. मी बाथरूमच्या आरशासमोर गेले, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि तुकडा शेजारी धरला. मान मागे टाकून आरशात नीट दिसत नाही, तीनदा बघावं लागलं.

पारूचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. इटलीच्या बाईचं त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी फोटो काढला होता तो माझा. त्या दिवशी स्वयंपाकघरात बांगड्या लांबून ऐकू आल्या तेव्हा माझ्या तोंडाला काय झालं होतं, ते त्यांनी सात महिने बसून दगडात काढलं. पारूला जे मिळालं आणि मला मिळालं नाही, असं मी जन्मभर धरून बसले होते, ते त्या दगडात होतं. आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळून शेजारी धार लावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. मुलगा घराला कुलूप लावत होता. प्रमिलाताई गाडीत मागच्या सीटवर बसल्या होत्या, काच वर केलेली. चार दिवस सामान बांधून थकल्या असाव्यात, बसल्याबसल्या झोप लागली होती. मुलगा म्हणाला, "काकू, उठवू का आईला?"

मी म्हटलं, थांब जरा. मी काचेजवळ गेले. त्यांचं डोकं सीटवर मागे गेलं होतं, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ज्या मानेसाठी त्यांनी चुनखडीचे इतके तुकडे वाया घालवले ती मान तिथं अगदी बरोबर होती, आणि ती बघायला त्या जाग्या नव्हत्या. पारू अशीच झोपायची. तिला मी कधी उठवलं नाही, तिची भांडी घासली. मी काचेवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

त्यांनी डोळे उघडले. सवयीनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मुलगा गाडीत बसला होता, इंजिन सुरू झालं होतं, काचेतून आवाज जाण्यासारखा नव्हता. मी तरीही बोलले, सावकाश, ओठ नीट हलवून. जन्मभर तोंडं वाचलेल्या बाईला आवाजाची काय गरज?

"तोंड माझं आहे ते," मी म्हटलं. "ओळखलं."

गाडी हलली. त्या हसल्या, बत्तीसच्या बत्तीस. मग गल्लीच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

बत्तीस दात, या वयात. त्यांचा हेवा मला अजूनही वाटतो.